नौपाड्यातलं रुग्णसाहित्य केंद्र: घ्यायला गेले होते, आता शनिवारी काउंटरवर बसते

आधीच सांगून टाकते की मी आता या केंद्रात शनिवारी संध्याकाळी बसते, त्यामुळे हा रिव्ह्यू अगदी त्रयस्थ माणसाचा नाहीये. पण सुरुवातीला आम्ही तिथले घेणारे होतो, सासूबाईंसाठी बेडपासून कमोड खुर्चीपर्यंत सगळं तिथूनच आणलं, आणि ठाण्यात इतके लोक राहतात ज्यांना हे असं काही आहे हे माहीतच नाही म्हणून लिहितेय. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा, मोठं झालंय तरी.

तर, नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या बाजूला एका जुन्या तीन मजली बिल्डिंगच्या तळमजल्यावर दोन गाळे आहेत. बाहेर साधी पाटी. आत भिंतीला टेकवून बेडचे सुटे भाग, घडी केलेल्या व्हीलचेअर एकीला एक लावून, वॉकर आणि चार पायांच्या काठ्या खिळ्यांना टांगलेल्या, वरच्या फळीवर बेडपॅन, युरिन पॉट, सलाईन स्टँड, एअर बेडचे पंप. प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटने नंबर घातलाय. हे सगळं वापरायला द्यायचं आणि काम झालं की परत घ्यायचं, विक्री काही नाही. वॉकरला ५०० रुपये डिपॉझिट आणि महिन्याला ३०, व्हीलचेअरला २००० आणि महिन्याला १५०, बेडला ५००० आणि महिन्याला ४००. डिपॉझिट पूर्ण परत मिळतं. बाजारात साधी व्हीलचेअर पाच-सात हजाराच्या खाली चांगली मिळत नाही आणि बेड घ्यायचा तर पंधरा हजारांच्या पुढेच जातो, आणि बऱ्याच घरांत त्याची गरज दीड-दोन महिन्यांचीच असते, मग वन बीएचकेमध्ये तो लोखंडी बेड ठेवायचा कुठे हा प्रश्न असतोच. पैसे नसतील तर तेही सांगायचं, कोणी परत पाठवत नाही, पण त्याबद्दल पुढे लिहिते.

आमचं झालं असं की सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन चांगलं झालं, पण डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की घरी उंच पलंग लागेल, संडासाची सीट उंच पाहिजे, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, वॉकर धरून चालवायचं. आता आमच्याकडे त्या पाचपाखाडीच्या घरी वर्षानुवर्षं खाली गादी घालून झोपणाऱ्या. रात्री आठ वाजता हे सगळं कुठून आणणार? हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलवाल्या काकांना विचारलं वॉकर आहे का, तर ते म्हणाले, "ताई, आहे माझ्याकडे, पण विकत कशाला घेता, उद्या संध्याकाळी केंद्रात जा, माझं नाव सांगा." स्वतःचं गिऱ्हाईक त्यांनी दुसरीकडे पाठवलं! तेव्हा मला त्याचं आश्चर्य वाटलं होतं, आता वाटत नाही कारण त्या मेडिकलवाल्यांच्या आईला शेवटची दोन वर्षं याच केंद्राचा एअर बेड होता हे नंतर कळलं.

केंद्रात गेल्यावर मला वाटलं होतं फॉर्म भरायचा, पैसे भरायचे, वस्तू उचलायची. तर काउंटरवरचे काका आधी प्रश्नच विचारायला लागले. कितवा मजला, लिफ्ट आहे का, लिफ्टमध्ये बेडचं डोक्याकडचं पॅनल उभं जाईल का, बेडरूमचा दरवाजा किती रुंद, रात्री पेशंटजवळ कोण झोपणार, बेडचं हँडल कोण फिरवणार. मी फाउलर बेड मागत होते, कारण डिस्चार्ज कार्डावर आयाने तसं लिहून दिलं होतं, तर त्यांनी समजावून सांगितलं की फाउलरला दोन हँडल असतात, एकाने पाठ वर होते आणि दुसऱ्याने गुडघे, सेमी-फाउलरला फक्त पाठीचं एकच हँडल, तुमच्या पेशंटला गुडघ्याकडचा भाग वर करायची गरज आहे का हे डॉक्टरांना एक फोन करून विचारा. विचारलं, नव्हती. मग सेमी दिला, तो हलकाही असतो आणि कमी शुल्काचाही. एअर बेड मी मागितला तर म्हणाले, "आजींना उद्यापासून उठवून चालवणार आहेत ना? मग नको. जे चोवीस तास पडून असतात त्यांच्यासाठी ठेवू या." आणि बरोबर आहे ते, एअर बेडमध्ये पंप आळीपाळीने कप्पे फुगवतो-सोडतो म्हणून एकाच जागी दाब राहत नाही, बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, व्हायचा धोका कमी होतो, पण तो घातला म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायचं काम सुटत नाही, हे लोकांना माहीत नसतं. हे काका प्रत्येकाला सांगतात. एखादं दुकान असतं तर दोन्ही वस्तू माझ्या गळ्यात मारल्या असत्या. मला सगळ्यात आधी विश्वास बसला तो इथे.

आणि वॉकरचं तर अजून. वॉकर आम्ही घेऊन आलो, सासूबाईंच्या हातात दिला, त्या खांदे वर उचलून चालायला लागल्या, आम्हाला वाटलं सवय होईल. दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या एक ताई घरी आल्या, निवृत्त सिस्टर आहेत, विष्णूनगरला राहतात, जाता जाता डोकावते म्हणाल्या. त्यांनी सासूबाईंना सरळ उभं केलं, हात बाजूला मोकळे सोडायला लावले आणि दाखवलं की मनगटाची घडी जिथे येते त्या उंचीला वॉकरची मूठ आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर जरासं वाकतं. आमचा वॉकर दोन भोकं जास्त उंच होता. पायांवरची पितळी बटणं अंगठ्याने दाबून एक एक पाय खाली सरकवला, चारही पायांचा टक टक आवाज ऐकून खात्री केली की बटण भोकात नीट बसलंय, मग वॉकर उलटा करून खालची रबरी बुचं बघितली. एक घासून गुळगुळीत झालं होतं. पर्समधून नवीन बूच काढून तिथल्या तिथे बसवलं. फरशी ओली असताना त्या गुळगुळीत बुचावर पेशंट परत पडतो, म्हणाल्या. पंधरा मिनिटांचं काम, चहासुद्धा घेतला नाही. फिजिओथेरपिस्ट आमचा चौथ्या दिवशी येणार होता, तोपर्यंत काय झालं असतं कोण जाणे.

सासूबाई आता काठीवर आहेत, देवाच्या कृपेने छान आहेत. बेड आम्ही परत केला आणि त्या परत करण्याच्या वेळी मला हे केंद्र खरं समजलं.

बघा, वस्तू देणं सोपं आहे. डिपॉझिट घेतलं, पावती दिली, झालं. पण अशी देवघेवीची केंद्रं बंद पडतात ती वस्तू परत न आल्यामुळे. पेशंट बरा झाला की वॉकर माळ्यावर जातो. पेशंट गेला तर घरच्यांना त्या बेडकडे बघवत नाही, कोणी उचलतच नाही, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकतात, ५००० डिपॉझिट गेलं तर गेलं. मग इथे वस्तू परत कशा येतात? तर रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, फोन, वस्तूचा नंबर याच्या पुढे एक रकाना आहे, "कोणाच्या ओळखीने". माझ्या नावापुढे मेडिकलवाल्या काकांचं नाव आहे. तीन महिने झाले आणि वस्तू आली नाही की केंद्र पेशंटच्या घरी फोन करत नाही, आधी त्या ओळखीच्या माणसाला विचारतं, की बाबा त्यांच्याकडे कसं काय आहे, आजोबा उठले का. तो माणूस रोजच्या येण्या-जाण्यात विचारतो, तगादा न लावता. बहुतेक वस्तू अशाच परत येतात. आणि पेशंट गेल्याचं कळलं तर तेराव्यापर्यंत कोणीही फोन करायचा नाही हा तिथला नियमच आहे, भिंतीवर लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. तेराव्यानंतर एक वयस्कर मावशी आहेत त्याच फोन करतात, बेडचं नाव सुरुवातीला काढतच नाहीत, घरच्यांचं बोलून होऊ देतात. बऱ्याचदा घरचेच म्हणतात की ते सामान पडलंय, घेऊन जाता का, आणि वर उरलेले डायपर, अंडरपॅड, न फोडलेली पावडर, सगळं पिशवीत घालून देतात. ते लगेच पुढच्या घरी जातं. मागच्या महिन्यात एका घरून बेडबरोबर आजोबांचा नवाकोरा ट्रान्झिस्टरही आला, घ्या कोणातरी पेशंटला म्हणाले, आणि तो सध्या कोपरीत एका काकांच्या उशाशी आहे.

आता कोणी म्हणेल, ओळख नसेल त्याचं काय? हा प्रश्न मीही विचारला होता, जरा रागानेच, कारण ओळखीवर चालणाऱ्या गोष्टींचा आपल्याकडे वाईट अनुभव असतो. काउंटरवरच्या काकांनी मला जुनं रजिस्टर काढून दाखवलं. किसननगरला भाड्याने राहणारा एक मुलगा, बिहारचा, वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉपला कामाला, आईला अर्धांगाचा झटका आलेला, इथे कोणीच ओळखीचं नाही, डिपॉझिटला पैसे नाहीत. त्याच्या नावापुढच्या रकान्यात काकांनी स्वतःचं नाव लिहिलंय. व्हीलचेअर आठ महिन्यांनी आली, धुऊन पुसून, चाकांना ग्रीस घालून. आणि आता किसननगरमधून कोणी आलं की त्या रकान्यात बहुतेक वेळा त्याच मुलाचं नाव असतं. हे बघितलं आणि मी विचारलं की तुम्हाला माणसं लागतात का.

तर माणसं लागतात, भरपूर लागतात, आणि इथे एकही पगारी माणूस नाही हे आत गेल्यावर कळतं. ट्रस्ट रजिस्टर्ड आहे, धर्मादाय आयुक्तांकडे, पण ट्रस्ट म्हटलं की लोकांना वाटतं मोठे देणगीदार असतील, ऑफिस असेल. तसं काही नाही, सगळं आजूबाजूच्या लोकांच्या जिवावर चाललंय. गाळे एका कुटुंबाने बिनभाड्याने दिलेत. किल्ली समोरच्या इस्त्रीवाल्याकडे असते. बेड पोहोचवायला जांभळी नाक्याच्या मार्केटला येणारा एक छोटा हत्ती टेम्पोवाला आहे, तो दुपारी माल उतरवून रिकामा परत जाताना त्याच्या वाटेवर कुठे बेड द्यायचा असेल तर डिझेलच्या पैशात टाकतो. व्हीलचेअरचं चाक, ब्रेक, बेअरिंग चरईतला सायकलवाला बघतो. बेडचा वेल्ड निघाला तर खारेगावचा एक फॅब्रिकेटर. गाद्यांना रेक्झिनची कव्हरं शिवणाऱ्या काकू घंटाळीला राहतात, कापड आणून दिलं की शिलाई घेत नाहीत. ऑडिट करणारे सीए फी घेत नाहीत. गणपती मंडळं आहेत, एका मंडळाने डेकोरेशनचा खर्च कमी करून दोन व्हीलचेअर दिल्या. आणि या प्रत्येकाशी कोणीतरी संबंध राखून आहे, म्हणजे टेम्पोवाल्याच्या मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी कोण धावलं, इस्त्रीवाल्याचं आधार कार्ड दुरुस्त करून द्यायला सेतू केंद्रात कोण गेलं, हे सगळं त्यात येतं. काम करून घ्यायचं तेवढ्यापुरता फोन केला असं इथे कोणी करत नाही. मी पूर्वी एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, मोठ्या संस्थेत आठवड्याला दोन तास जायचे, तिथे टी-शर्ट मिळाला, सर्टिफिकेट मिळालं, फोटो निघाले, पण शेजारच्या गल्लीतल्या दुकानदाराला ती संस्था काय करते हे माहीत नव्हतं. इथे उलट आहे, संस्थेचं नाव धड कोणाला आठवत नाही पण "ते वॉकर मिळतं ते" म्हटलं की रिक्षावाला दारात आणून सोडतो.

ठाण्याला हे काही नवीन नाही म्हणा. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे ते वेळ देणाऱ्या माणसांच्याच बळावर. गुढीपाडव्याची शोभायात्रा बघा, कोपिनेश्वर मंदिरापासून निघते, किती लोक महिनाभर आधीपासून राबतात. माणसं आहेत, ती एकदा कोणीतरी ओळखीच्याने हाताला धरून आणावी लागतात इतकंच.

कामाचं सांगते, कारण स्वयंसेवक म्हणजे नुसतं बसायचं असं वाटून येणारे दोन आठवड्यांत गळतात. परत आलेली प्रत्येक वस्तू आधी साबणाने, मग ब्लीचच्या पाण्याने पुसायची, उन्हात ठेवायची, मगच फळीवर. कमोड खुर्चीचं भांडं घासायला लाज वाटत असेल तर येऊ नका, स्पष्ट सांगते. ऑक्सिजनची नळी आणि मास्क कधीच दुसऱ्याला द्यायचा नाही, ते पेशंटने नवीनच घ्यायचं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तर वेगळंच प्रकरण आहे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या लाटेत सगळीकडे कॉन्सन्ट्रेटर आले, लोकांनी घेतले, देणगी दिले, आणि लाट ओसरल्यावर किती ठिकाणी ते कोपऱ्यात पडून खराब झाले. आत झिओलाइटचे खडे असतात, हवेतला नायट्रोजन धरून ठेवून ऑक्सिजन पुढे सोडतात, मशीन बरेच दिवस बंद राहिलं की त्यात दमट हवा शिरते आणि ते कामातून जातात, आणि ठाण्याचा पावसाळा तर माहितीच आहे. म्हणून इथे दर शनिवारी सगळी मशीनं लावून अर्धा-पाऊण तास चालवायची आणि मीटरने ऑक्सिजनचं प्रमाण मोजून वहीत लिहायचं, ते काम सध्या माझ्याकडे आहे. फिल्टर धुवायचे, वाळवायचे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किती लिटर ते लिहिलेलं असल्याशिवाय मशीन द्यायचं नाही, शेजारचे कितीही म्हणाले तरी. आणि देताना देवघर कुठे, निरांजन लावता का, घरात कोणी सिगरेट ओढतं का हे विचारायचंच, ऑक्सिजनजवळ ज्योत नको.

कागदपत्रांचं कामही आहे आणि ते कोणालाच आवडत नाही, पण छोट्या संस्थांचा जीव तिथेच अडकतो. एक ट्रस्टी काका वारले तर त्यांच्या जागी दुसरं नाव घालायला धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, ते दुःखाच्या भरात राहून गेलं की पुढे बँकेत सह्यांचा घोळ सुरू होतो. दरवर्षी हिशोब, ऑडिट. देणगीची ८०जीची, म्हणजे देणगीदाराला इन्कम टॅक्समध्ये सवलत मिळवून देणारी, पावती द्यायची तर देणगीदाराचा पॅन पाहिजे, मेअखेर सगळ्या देणग्यांची यादी इन्कम टॅक्सला ऑनलाइन भरायची, ती भरली नाही तर त्या बिचाऱ्यांना सवलत मिळत नाही. रोख २००० च्या वर घेतलं तर ८०जी लागू नाही, म्हणून आम्ही काउंटरवरच सांगतो की चेक द्या किंवा यूपीआय करा. आणि ज्यांनी नवीन टॅक्स रेजीम घेतलीय त्यांना ८०जीचा काही फायदा नाही, हेही आम्ही लपवत नाही, तरी लोक देतात. तुमच्यापैकी कोणी अकाउंट्समधून रिटायर झालं असेल तर तुमची फार गरज आहे.

आता ज्या गोष्टी मला खटकतात त्याही लिहिते, नाहीतर रिव्ह्यू कसला.

वेळ. संध्याकाळी सहा ते आठ, रविवारी बंद. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळतो दुपारी, पेशंट घरी येतो चारला, आणि बेड मिळणार सहानंतर, ते दोन तास पेशंटला सोफ्यावर ठेवायचं म्हणजे घरच्यांचे हाल. माझं म्हणणं आहे की रविवारी सकाळी तरी दोन तास उघडावं, मी मीटिंगमध्ये बोलले, माणसं मिळाली तर करू असं ठरलंय. फोन एकच, तो ज्याच्याकडे असतो तो कामात असला की उचलला जात नाही. रजिस्टर अजून हातानेच, कोणती वस्तू आत्ता शिल्लक आहे हे फोनवर विचारलं तर काउंटरवरचा माणूस उठून मोजून येतो. एका कॉलेजच्या मुलाने गुगल शीट करून दिलीय, पण ज्येष्ठ मंडळी भरत नाहीत, मग शीट एक सांगते आणि रजिस्टर दुसरंच. मोटरवर चालणारा बेड एकही नाही. घशातला कफ ओढून काढणारं सक्शन मशीन एकच आहे आणि त्याला कायम वेटिंग. बेड चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसताना चढवायचा तर हमाल तुम्हालाच बघावे लागतात, आणि नौपाडा-चरईतल्या जुन्या बिल्डिंगींचे जिने किती अरुंद आहेत ते राहणाऱ्यांना माहीत आहे, एकदा आम्ही बेड जिन्याच्या वळणावर सोडवून सुटा करून नेला.

घोडबंदर रोडवाल्यांना हे केंद्र लांब पडतं ही तक्रार अगदी खरी आहे. कासारवडवलीहून संध्याकाळी सहाला निघून नौपाड्यात आठच्या आत पोचणं त्या ट्रॅफिकमध्ये कठीणच. म्हणून मानपाड्याला एका ताईंनी त्यांच्या सोसायटीच्या स्टिल्टमधल्या मीटररूमच्या बाजूला चार वॉकर, दोन व्हीलचेअर आणि एक कमोड खुर्ची ठेवलीय, सेक्रेटरींची परवानगी घेऊन, आणि तिथलं रजिस्टर त्याच बघतात. मला वाटतं पुढचा रस्ता हाच आहे. एक मोठं केंद्र काढण्यापेक्षा प्रत्येक भागात एक सोसायटी, एक विश्वासाचं माणूस आणि पाच-सात वस्तू. कळव्यात पालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, तिथून किती पेशंट घरी जातात, कळव्यात असं एक ठिकाण झालं तर केवढी सोय होईल. पण तिथे आधी माणूस मिळायला हवा, ज्याच्यासाठी लोक वस्तू परत आणतील असा. वस्तू देणारे देणगीदार मिळतात हो. नवीन व्हीलचेअर वाढदिवसाला, आईच्या स्मरणार्थ, सहज मिळते. तीच व्हीलचेअर दहाव्यांदा परत येईल याची काळजी घेणारं माणूस मिळत नाही.

आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. नौपाड्यात प्रत्येक गल्लीत एक तरी पडदा लावून पाडलेली बिल्डिंग दिसते, ही पण त्यातच. गाळेवाले कुटुंब म्हणतंय की नवीन बिल्डिंगमध्ये जागा देऊ, त्यांचा शब्द आहे आणि मला त्यावर विश्वास आहे, पण मधली तीन-चार वर्षं सामान कुठे ठेवणार? भाड्याने गाळा नौपाड्यात परवडणं शक्य नाही. एका शाळेच्या तळमजल्यावरच्या वापरात नसलेल्या खोलीचं बोलणं चालू आहे, तिथल्या माजी मुख्याध्यापिका आपल्या सिस्टर ताईंच्या मैत्रीण आहेत. जमेल असं वाटतंय. कोणाच्या बघण्यात पाचपाखाडी, चरई, उथळसर भागात तळमजल्याची कोरडी जागा असेल, रस्त्यापासून टेम्पो लागेल अशी, तर केंद्रात येऊन सांगा, पाणी भरणारी नको, पावसाळ्यात गाद्या खराब होतात.

रेटिंग द्यायचं तर मी साडेचार देईन, अर्धा वेळेसाठी कापलाय आणि रविवार सुरू झाला की तोही देईन.

जाताना काय न्यायचं: पेशंटच्या आधार कार्डाची झेरॉक्स, डिस्चार्ज कार्ड किंवा डॉक्टरांची चिठ्ठी, डिपॉझिट, आणि ज्यांनी पाठवलं त्यांचं नाव. ओळखीचं कोणी नसेल तर तसं सांगा, आमच्यापैकी कोणीतरी आपलं नाव घालेल. बेड हवा असेल तर जाण्याआधी दरवाजा आणि लिफ्ट टेपने मोजून घ्या. पेशंटची उंची माहीत असेल तर बरं. परत करताना शुल्क शिल्लक असेल तर टेन्शन घेऊ नका, वस्तू आधी आणा. आणि बुधवारची संध्याकाळ सध्या रिकामी आहे, तिथे बसणारे सर मुलाकडे पुण्याला गेलेत ते दिवाळीनंतर येतील, तोपर्यंत सहा ते आठ कोणाला जमणार असेल तर कुठल्याही दिवशी येऊन काकांना भेटा, पहिले दोन आठवडे कोणीतरी सोबत बसेल, लगेच एकट्यावर टाकत नाहीत.